ओतीव लोखंड आणि आपली ऐरण



लोहारकी हा आपला पिढीजात धंदा. भात्यापुढे वाढलेल्यांच्या सभेत ओतशाळेचे गुण गाणे धाडसाचेच आहे. परंतु ज्या वस्तूंनी गेल्या शतकात आपल्या ऐरणीचे काम काढून घेतले, त्यांची ओळख आपणांस नीट असावी, असे आम्हांस वाटते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावास पहिला लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते, ही त्या वेळची समजूत. म्हणून तो विकावयास दोन वर्षे लागली! पुढे १९१० साली औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळ कारखाना उभा राहिला, तीच किर्लोस्करवाडी. तेथून नांगर, कडबा कापण्याची यंत्रे, उसाचे चरक व नंतर पाण्याचे पंप निघाले.

काळ्या जमिनीतील हरळी मुळासकट उपटावयास जड नांगरच हवा. आपल्या बांधीतील चिखलणीस मात्र हलका लाकडी नांगर बरा. गोंदियाच्या धानपट्ट्याचा अधिक निकटचा संबंध आला तो तांदळाच्या गिरणीतील हलरशी. बिडाचा दातेरी रूळ जाळीवर फिरतो, धान घासले जाते, तूस व कोंडा जाळीखाली पडतो. उखळ-मुसळाचे कष्ट याने वाचले, हे भगिनींना सांगावयास नकोच. तांदूळ मात्र फार मोडे. म्हणून पुढे गिरण्यांतून रबरी रूळ आले.

आता आपल्या कामाची गोष्ट. बिडात कार्बन शेकडा तीन-चार असतो. म्हणून ते साच्यात सहज भरते, पण हातोड्याखाली तडकते. फाळ तापवून ठोकता येतो, हलरचा तुटलेला रूळ नाही. येथे आपल्या हाताची विद्या थांबते. पण ओतकामातही हात लागतोच. निवताना लोखंड शंभरास सुमारे एक आकसते, तेवढा नमुना मोठा करावा लागतो. साच्याची वाळू किती ओली ठेवावयाची, हे तर मुठीत दाबूनच कळते. ज्या घरात लोखंडाचा रंग पाहून उष्णता ओळखतात, तेथील मुलास हे कठीण का जावे?

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून फौंड्रीमनचा अभ्यासक्रम शिकविला जातो. मंडळाच्या शिष्यवृत्त्यांपैकी निदान एक त्यासाठी राखावी, असा ठराव आम्ही सभेपुढे ठेवीत आहो. मुलींचेही अर्ज घ्यावेत.