नांवाचें भय



मुलाची तपासणी करून डॉक्टर 'स्वमग्नता', म्हणजेच ऑटिझम, हा शब्द उच्चारतात, तेव्हां पुष्कळ आईबापांच्या मनांत उपचारांइतकाच दुसरा एक प्रश्न उभा राहतो. हें शाळेस कळवावें काय? दप्तरांत एकदां 'विशेष' असा शेरा पडला कीं तो जन्मभर पुसला जाणार नाहीं, सोबती हिणवतील, शिक्षक आशा सोडतील, अशी त्यांस धास्ती वाटते.

ही भीति पोकळ आहे असें मी म्हणणार नाहीं. माझें आयुष्य शिक्षकाच्या पेशांत गेलें आहे. कागद वाचला कीं मुलाकडे पाहणेंच सोडून देणारे, "त्याला काय समजणार!" म्हणून त्यास शेवटच्या बांकावर बसविणारे शिक्षक असतात, हें मला ठाऊक आहे.

परंतु डॉक्टरांचा शब्द लपविल्यानें मूल बिननांवाचें राहतें काय? घंटा वाजतांच कानांवर हात दाबून ओरडणाऱ्या मुलास, कारण ठाऊक नसलेला शिक्षक 'उनाड' म्हणतो. हाक मारली असतां जो वर पाहत नाहीं तो 'उर्मट' ठरतो. वेळापत्रक बदललें म्हणून जो रडतो तो 'हट्टी' ठरतो. आणि त्याच्या आईनें त्यास लाडावून ठेवलें असें ठरतें. हींहि नांवेंच आहेत. डॉक्टरांच्या शब्दामागून मदत येऊं शकते. या शब्दांमागून बहुधा शिक्षाच येते.

अमेरिकेंतील डॉ. लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं अकरा मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांतील कित्येकांस पूर्वी मतिमंद समजण्यांत आलें होतें. नवें नांव मिळाल्यामुळें त्या मुलांवरील चुकीचा शिक्का पुसण्याची वाट मोकळी झाली, हें विसरतां कामा नये.

आपल्याकडे दिव्यांग व्यक्ति हक्क अधिनियम, २०१६, यांत स्वमग्नतेचा समावेश आहे. किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलास शेजारच्या शाळेंत किंवा विशेष शाळेंत, आपल्या पसंतीप्रमाणें, मोफत शिक्षण घेण्याचा हक्क या कायद्यानें दिला आहे. म्हणजे प्रमाणपत्र घेतलें कीं मुलास विशेष शाळेंतच जावें लागतें, ही समजूत खरी नव्हे. परीक्षेस जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेंतून सूट, अशा सवलतींचाहि कायद्यांत उल्लेख आहे. कागद दडवून ठेवला तर या सवलती कशाच्या आधारें मागावयाच्या?

तथापि नुसता शब्द शाळेच्या हातीं देऊन थांबूं नये. एकाच नांवाचीं दोन मुलें सारखीं नसतात. यास्तव प्रमाणपत्रासोबत अर्धें पान आपल्या हातानें लिहून द्यावें. कोणत्या आवाजानें मूल बिथरतें, तहान लागली असतां तें कसें सुचवितें, कशानें शांत होतें, आणि कोणती गोष्ट तें उत्तम करतें, एवढें त्यांत असावें. शेवटची ओळ विसरूं नये; शिक्षकाची आशा तिच्यावरच टिकते. दरवर्षीं वर्गशिक्षक बदलतांच तें पान नव्यानें लिहावें, कारण मूलहि वर्षभरांत बदललेलें असतें.