बिनतारी जोडणी : आधी शोध, मग खर्च



सांवेर हे इंदूर-उज्जैन मार्गावरील तहसिलीचे गाव. सोयाबीन-गव्हाच्या या मुलखातही दाखले, नकला, शिष्यवृत्तीचे अर्ज आता संगणकावरून जातात. ठरावीक सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाव्यात, असा कायदा मध्य प्रदेशाने २०१० साली केला. परंतु संगणकाची बिनतारी जोडणी घडोघडी तुटू लागली, की खेड्यातून आलेला अर्जदार रिकाम्या हाताने परततो आणि त्याची दिवसाची मजुरी बुडते. अशा वेळी सारा दोष संगणकातील वाय-फाय कार्डाच्या माथी मारला जातो. नवे कार्ड येते, तरी रड कायमच. कारण दोष अन्यत्र असतो.

प्रथम त्याच जागी मोबाइल जोडून पाहावा. त्याचीही जोडणी तुटत असेल, तर दोष राउटरचा किंवा बाहेरून येणाऱ्या लाइनचा समजावा.

मोबाइल नीट चालत असेल, तर अँटेना पाहावी. ती संगणकाच्या पाठीमागे असते आणि धातूची पेटी लहरी अडविते. पेटी भिंतीपासून दूर घ्यावी, अँटेनाचे पेच घट्ट करावेत. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींना मायक्रोवेव्ह भट्टीचाही उपद्रव होतो. राउटर जवळ असल्यास ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा निवडावा. मात्र भिंतींआड तो लवकर क्षीण होतो.

तिसरी पायरी व्यवस्थेची. वीज वाचविण्यासाठी कार्ड बंद करण्याची मुभा संगणकास असल्यास ती काढून घ्यावी. ड्रायव्हर अद्ययावत करावा. नव्या ड्रायव्हरनंतरच बिघाड सुरू झाला असेल, तर जुना परत बसवावा.

त्यानंतर वीजपुरवठा तोडून कार्ड काढावे, धूळ पुसावी व ते पुन्हा घट्ट बसवावे. एवढ्यानेही न भागल्यास तेच कार्ड दुसऱ्या संगणकात लावून पाहावे. दोष तेथेही गेला, तरच नवे कार्ड घ्यावे.

एका वेळी एकच बदल करावा आणि वेळेसह वहीत नोंदवावा. दोन बदल एकदम केले, तर गुण कशाने आला हे कळत नाही. शाळेत ही वही विद्यार्थ्यांकडे सोपविल्यास विज्ञानाचा उत्तम पाठ होईल. संगणक कायम एकाच जागी राहणार असेल, तर राउटरपासून थेट तार ओढणे सर्वांत भरवशाचे. अशी तार शंभर मीटरपर्यंत चालते.

वहीतील चार ओळींनी एका अर्जदाराचा हेलपाटा वाचला, तरी श्रम सार्थकी लागले असे म्हणता येईल.