डायलिसिसच्या खाटेवरची कावीळ



मूत्रपिंडे निकामी झालेले आपले साथी आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसच्या खाटेवर असतात. तिथेच त्यांना हिपॅटायटिस ‘बी’ वा ‘सी’ ही कावीळ जडू शकते. न बदललेले हातमोजे, अनेकांसाठी वापरलेली औषधाची एकच बाटली, न पुसलेली खाट अशा वाटांनी ती पसरते. ‘बी’चा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस टिकतो.

१९६९-७० मध्ये एडिंबरोच्या रुग्णालयात या साथीत रुग्णांबरोबर कर्मचारीही दगावले. अमेरिकेत १९७४ मध्ये डायलिसिसच्या शंभरातील सहा रुग्णांना वर्षभरात ‘बी’ची नवी लागण होई. १९८० पर्यंत हे प्रमाण एकावर आले. तेव्हा लस नव्हती. नियमित रक्ततपासणी, बाधितांसाठी वेगळी खोली व यंत्र, आणि स्वच्छतेची शिस्त होती.

आज ‘बी’ची लस आहे, ‘सी’ची नाही. म्हणून आमची मागणी साधी आहे: रुग्ण व कर्मचारी दोघांनाही लस द्या, रुग्णांची वेळोवेळी तपासणी करा आणि परिचारिका पुरेशा नेमा. एकीवर इतके रुग्ण सोपवू नका, की हातमोजे बदलायलाही तिला उसंत मिळणार नाही.