कॉम्प्युटर नवा, हिशोब जुनाच

आज बोलायचंय ऑफिसातल्या कॉम्प्युटरबद्दल. "ते लेखापालताईंचं काम, आम्हाला काय त्याचं?" असं म्हणून रेडिओ बंद करू नका. तुमची बचत, कर्ज, हप्ता, व्याज सगळं त्या मशीनच्या पोटात आहे.

आमच्याकडे साताऱ्यातल्या माण-खटावचे आणि सांगलीतल्या आटपाडी-खानापूरचे गट आहेत. ऑफिसात तीन कॉम्प्युटर, तिन्हींवर विंडोज १०. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्ट कंपनीने त्याची नेहमीची मोफत देखभाल थांबवली. मशीन त्या दिवशी बंद पडलं नाही, आजही चालतं. पण चोराला आत शिरायची नवी फट सापडली, तर ती बुजवायला आता आपोआप कुणी येत नाही. पैसे भरून थोडी मुदत वाढवून मिळते, पण पुढे बदलायचं ते आहेच. ज्या मशीनवर तुमचे आधार आणि खाते नंबर आहेत, ते असं उघडं ठेवणं आम्हाला पटेना.

दुकानदार म्हणाला, "ताई, विंडोज ११ टाकू. एका दिवसाचं काम!" त्याचं काम एका दिवसाचं, आमचं नाही. विंडोज ११ ला बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. आमच्या दोन मशीनमध्ये ते नव्हतं. म्हणजे खरेदी आलीच. पण खरी गाठ पुढेच होती.

आमचं कर्जखात्याचं सॉफ्टवेअर फार जुनं, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतात तसलं, डॉसच्या जमान्यातलं. ते ३२ बिटच्या विंडोजवर कसंबसं चालायचं. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, आणि त्यावर असली १६ बिटची सॉफ्टवेअर सरळ चालतच नाहीत. शिवाय ३२ वरून ६४ बिटवर जाताना जुन्यावरच नवं चढवता येत नाही. सगळं पुसून, कोरी पाटी करून टाकावं लागतं. हे आधी विचारलं नसतं, तर त्या एका दिवसात कर्जखातं उघडायची वाटच बंद झाली असती.

दुसरी गोष्ट मराठीची. आमची बैठकांची इतिवृत्तं जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. त्यात मराठी अक्षर पडद्यावर दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरांच्या जागा वापरलेल्या असतात. नव्या मशीनवर तो फॉन्ट नसला की तुमच्या ठरावाच्या जागी नुसती चिन्हं दिसतात. म्हणून फॉन्टची फाइल जपून ठेवली आणि महत्त्वाचे ठराव युनिकोडमध्ये बदलून घेतले. बदलताना जोडाक्षरं आणि रफार बिघडतात, तेव्हा प्रत्येक पान डोळ्याखालून घालावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण नाव चुकलेला ठराव बँकेत चालत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तारखांनी. जुन्या सॉफ्टवेअरमधून यादी काढून नव्यात भरली. आपण आधी दिवस लिहितो, मग महिना. नवं मशीन अमेरिकी पद्धतीवर ठेवलेलं असेल तर ते आधी महिना वाचतं. ५ एप्रिलला भरलेला हप्ता तिथे ४ मेचा होतो. भरणारी बाई वेळेवर, आणि कागदावर महिनाभर उशीर! वर दंडही तिच्याच माथी. १३ तारखेपासून पुढच्या तारखा अशा उलटत नाहीत, कारण तेरावा महिनाच नसतो. त्यामुळे वरवर चाळलं तर यादी बरोबरच दिसते. आमच्या लेखापालताईंनी पासबुकं समोर ठेवून एकेक तारीख लावली, तेव्हा हे उघडं पडलं. दोन मुलांना हाताखाली घेऊन घाईत उरकलं असतं, तर कळलंही नसतं.

ही अडचण एकट्या आपली नाही. २०२२ साली केंद्र सरकारने देशातल्या ६३ हजार विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली, तिच्यातही जुन्या नोंदी भरण्याचं काम वेगळं धरलेलं आहे.

तुमच्या ऑफिसातही बदल होणार असेल तर मार्चमध्ये होऊ देऊ नका, ऑडिटच्या तोंडावर तर नाहीच. आधी सगळ्या माहितीच्या दोन प्रती काढायला सांगा, एक ऑफिसबाहेर ठेवा, आणि ती प्रत दुसऱ्या मशीनवर उघडून बघायला लावा. न उघडलेल्या प्रतीचा भरवसा धरू नये. पासबुक छापायचा जुना प्रिंटर नव्या मशीनला जोडता येतो का, तेही विचारा. त्याची जाडी रुंद पिन बसायची जागाच आता बहुतेक मशीनला नसते.

आम्ही एक जुनं मशीन कोपऱ्यात ठेवलंय. इंटरनेटची वायर काढून टाकली आहे, नवी नोंद त्यावर कुणी करत नाही. ऑडिट पूर्ण होऊन शेवटची शंका मिटेपर्यंत ते तिथेच राहणार. पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाची छापील यादी येईल. ती मोठ्याने वाचली जाईल. पासबुक घेऊन या, शिल्लक आणि हप्त्याची तारीख दोन्ही लावून बघा, आणि जुळलं तरच सही करा.