नोव्हेंबरातले सामने आणि मोहोरावरचा भाव



तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत, त्यांच्या शाळेच्या मैदानावर कदाचित दोन खांब उभे असतील. खांबाला फळी, आणि फळीला जमिनीपासून बरोबर दहा फुटांवर एक लोखंडी कडे. जाळी असली तर असली, बहुधा नसते. हा बास्केटबॉलचा खेळ एका शिक्षकानेच शोधून काढला. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाचे व्यायामशिक्षक होते. बाहेर कडाक्याची थंडी, वर्गातली अठरा दांडगी मुले आत कोंडलेली, आणि वरिष्ठांची आज्ञा झालेली की, या मुलांना गुंतवून ठेवील असा खेळ चौदा दिवसांत शोधून द्या. नेस्मिथ यांनी पीच नावाच्या फळांच्या दोन करंड्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या आणि मुलांच्या हाती फुटबॉल दिला. करंडीचा तळ शाबूत होता. चेंडू आत पडला की शिडी लावून काढायचा!

त्या करंडीपासून आजपर्यंतचा सगळा इतिहास मी सांगत बसत नाही. अमेरिकेतल्या कॉलेजांत या खेळाचा हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो आणि एप्रिलच्या आरंभी संपतो. शेवटी राष्ट्रीय स्पर्धा असते, तिचा गाजावाजा फार. मला आज बोलायचे आहे ते हंगामाच्या तोंडाशी होणाऱ्या लहान स्पर्धांविषयी. आठ संघ, तीन-चार दिवस, कुठेतरी लांबच्या गावी. आणि त्याबरोबरच बोलायचे आहे पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांविषयी, कारण या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

आधी पोरांचे पाहू. कोकणातल्या श्रोत्यांना मोहोरावर बाग देणे म्हणजे काय ते सांगायला नको. झाडावर कैरीही धरलेली नसते आणि व्यापारी अंदाजाने सगळ्या बागेचा भाव करून मोकळा होतो. पुढे गारा पडोत की तुडतुडा येवो. अमेरिकेत होतकरू खेळाडूंचे असेच चालते. मुलगा नववी-दहावीत असतानाच त्याचे नाव याद्यांत चढते. पहिला, दुसरा, पन्नासावा. शिवाय नावापुढे तारे. पाच तारे म्हणजे उत्तमातला उत्तम. उन्हाळ्याच्या सुटीत ही मुले शाळेच्या संघात नसतात, फिरत्या संघांतून गावोगाव खेळतात, आणि त्या सामन्यांमागे बुटांच्या मोठ्या कंपन्या उभ्या असतात. कडेला कॉलेजांचे प्रशिक्षक बसलेले, कोणाच्या तरी हातात फोन, आणि पोराची एक उंच उडी तासाभरात देशभर दिसते. त्याच सामन्यात त्याने सहा वेळा चेंडू घालवला, ते मात्र कोणी दाखवीत नाही.

आता अंदाज कधी खरा ठरत नाही असे नाही, बरे का. २००२ च्या फेब्रुवारीत ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’ या नियतकालिकाने सतरा वर्षांच्या लेब्रॉन जेम्सचे चित्र मुखपृष्ठावर छापले. त्या वेळी तो शाळकरी मुलगा होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याच्या शाळेचा सामना देशभर दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. तो मोहोर धरला आणि फळ असे आले की, व्यावसायिक खेळात त्याच्याइतके गुण आजवर कोणी केलेले नाहीत. पण याच नियतकालिकाने २०१९ साली पंधरा वर्षांच्या आणखी एका मुलाला मुखपृष्ठावर आणले, लेब्रॉनच्या पंक्तीला नेऊन बसवले. तो मुलगा दोन कॉलेजे फिरला आणि २०२३ साली व्यावसायिक संघांनी मुले निवडली तेव्हा त्याचा क्रमांक लागला एकूणपन्नासावा. त्याचे नाव मी मुद्दाम घेत नाही. पंधराव्या वर्षी आपल्याला लेब्रॉन म्हणा, असे काही तो सांगायला गेला नव्हता.

आणि तिसरी गोष्ट स्टीफन करी याची. शाळेत असताना अंगाने किरकोळ, म्हणून मोठ्या कॉलेजांनी त्याला विचारले नाही. तो गेला डेव्हिडसन नावाच्या लहानशा कॉलेजात. २००८ साली त्या कॉलेजाला त्याने राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या आठांत नेले आणि कॅन्ससशी ५९-५७ असा अवघ्या दोन गुणांनी पराभव झाला. पुढे लांबून चेंडू टाकण्याची त्याची रीत साऱ्या जगातल्या पोरांनी उचलली. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाने असा धक्का दिलेला नाही, असा शिक्षक विरळा.

मग नोव्हेंबरच्या सामन्यांचा इथे काय संबंध? संबंध असा. २००६ पासून व्यावसायिक संघांनी नियम केला की, मुलगा एकोणीस वर्षांचा असला पाहिजे आणि शाळा सोडून त्याला वर्ष झालेले असले पाहिजे. तेव्हा नावाजलेली मुले कॉलेजात येतात आणि बहुधा एकच हिवाळा थांबतात. याद्या, तारे, मुखपृष्ठे हे सगळे नोव्हेंबरात प्रथमच मोठ्या गड्यांसमोर उभे राहते.

कूपर फ्लॅगचेच पाहा. मेन नावाच्या थंड उत्तरेकडच्या राज्यात न्यूपोर्ट म्हणून जेमतेम तीन हजार वस्तीचे गाव आहे, तिथला हा मुलगा. २०२४ साली तो ड्यूक विद्यापीठात आला तेव्हा सतरा वर्षांचा होता, आणि देशातला पहिल्या नंबरचा होतकरू म्हणून त्याचे नाव झालेले होते. १२ नोव्हेंबरला केंटकीशी सामना झाला. पोराने २६ गुण केले, अंगावर आलेल्या सामन्यात डगमगला नाही. पण अगदी शेवटी, बरोबरीच्या सुमारास, चेंडू त्याच्या हातून दोनदा गेला. केंटकी ७७, ड्यूक ७२. दोन आठवड्यांनी लास वेगासला कॅन्ससकडूनही हार. आणि मग? मग ड्यूकने त्या हंगामात ३५ सामने जिंकले आणि फक्त ४ गमावले, वर्षातला उत्तम खेळाडू तोच ठरला, २०२५ च्या निवडीत पहिला क्रमांकही त्याचाच. माझ्या मते त्या नोव्हेंबरने त्याला जे शिकवले ते कुठल्याही तारेवाल्याने शिकवले नसते. सतराव्या वर्षी, हजारो लोकांसमोर, चूक आपली होती हे कळणे सोपे नाही.

योगायोग असा की, ७७-७२ हाच आकडा या खेळात चाळीसहून अधिक वर्षे गाजतो आहे. ती हकीकत जरा सावकाश सांगतो.

१९८२ साल. व्हर्जिनिया विद्यापीठाचा संघ देशात पहिला. त्यांच्यात राल्फ सॅम्प्सन हा सात फूट चार इंच उंचीचा गडी. तोवर लागोपाठ दोन वर्षे देशातला उत्तम कॉलेज-खेळाडू ठरलेला. हा संघ जपानहून परतताना हवाई बेटांवर उतरला आणि २३ डिसेंबरला होनोलुलूत चॅमिनाड नावाच्या कॉलेजाशी खेळला. चॅमिनाड म्हणजे हजाराच्या आत विद्यार्थी. प्रशिक्षक मर्व्ह लोप्स पोटासाठी शाळेत समुपदेशकाचे काम करीत. सॅम्प्सनसमोर उभा राहिला टोनी रँडॉल्फ, उंचीने पाऊण फूट कमी. पण हा मूळचा व्हर्जिनियाकडचाच, शाळेत असताना सॅम्प्सनशी खेळलेला, त्याची खोड जाणणारा. त्याने लांबून चेंडू टाकून सॅम्प्सनला करंडीपासून बाहेर ओढले. सामना संपला तेव्हा फळ्यावर चॅमिनाड ७७, व्हर्जिनिया ७२. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली होती. इतक्या रात्री आलेली ही बातमी खरी मानायला पुष्कळ जण तयार होईनात.

त्या सामन्याच्या पुण्याईवर १९८४ पासून माउई बेटावर दर नोव्हेंबरात स्पर्धा भरू लागली. यजमान कोण, तर तेच छोटे चॅमिनाड. लहैना गावच्या सभागृहात २,४०० माणसे मावतात. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांच्या मैदानांपुढे हे म्हणजे आपल्याकडचा शाळेचा हॉल. छत बुटके, उकाडा फार, प्रेक्षक खेळाडूंच्या अंगावर. पण देशातले नामांकित संघ तिथे आनंदाने येत. चॅमिनाड बहुतेक वेळा हरे. बहुतेक वेळा म्हणतो, कारण २०१० साली त्यांनी ओक्लाहोमाला, २०१२ साली टेक्ससला आणि २०१७ साली कॅलिफोर्नियाला हरवले. जत्रेच्या फडात अनोळखी गड्यालाही जोड मिळते, तशी ही रीत. २०१८ साली याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात गोन्झागाने ड्यूकला ८९-८७ असे हरवले. त्या ड्यूकमध्ये झायन विल्यमसन होता, ज्याच्या उड्या पाहून त्या वर्षी सारा देश वेडा झाला होता.

पुढे लहैनावर मोठे संकट आले. ऑगस्ट २०२३ मध्ये वणव्याने गाव जळाले, शंभरावर माणसे गेली. सभागृह वाचले. त्या वर्षी स्पर्धा होनोलुलूत झाली आणि २०२४ साली पुन्हा लहैनाला परतली. त्याआधी साथीच्या काळातही ती दोन वर्षे बाहेर राहिली होती. एवढे सोसूनही ती टिकली.

आता तिला ग्रासणारे संकट वेगळे आहे. १ जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे मिळवण्याची मुभा झाली. २०२४ साली लास वेगासला नवी स्पर्धा निघाली, ‘प्लेयर्स एरा’ नावाची. येणाऱ्या प्रत्येक संघाच्या खेळाडूंसाठी दहा लाख डॉलर, जिंकणाऱ्याला त्याहून जास्त. पहिल्या वर्षी आठ संघ, दुसऱ्या वर्षी अठरा! २०१८ ला माउई जिंकणारे गोन्झागा आणि २०२४ ला जिंकणारे ऑबर्न, दोघेही २०२५ च्या नोव्हेंबरात लास वेगासला होते. त्यांना नावे ठेवून उपयोग नाही. ज्या गाडीत तेल भरून मिळते त्या गाडीत माणूस बसणारच.

इथे मला माझे मत सांगितले पाहिजे. पैसा पोरांना मिळतो याचे मला वाईट वाटत नाही. इतकी वर्षे प्रशिक्षकांना मिळत होता, दूरचित्रवाणीला मिळत होता, हॉटेलवाल्यांना मिळत होता. एकट्या खेळणाऱ्यालाच नव्हता. तो अन्याय होता आणि त्याला गोड जुना काळ म्हणणे मला जमत नाही. मला खुपते ते दुसरेच. लास वेगासच्या त्या अठरा संघांत चॅमिनाडसारख्याला जागा नाही. आणि अंतिम सामन्याला कोण जाणार हे ठरवताना किती गुणांनी जिंकलात हेही मोजले गेले. मिशिगनने तिथे एक सामना ४० गुणांनी, दुसरा ३० गुणांनी आणि गोन्झागाविरुद्धचा अंतिम सामना पुन्हा ४० गुणांनी, १०१-६१ असा, जिंकला. संघ जबरदस्त होता यात शंका नाही. पण हरलेल्याला आणखी बडवण्याचे बक्षीस असले की, जिंकणारा राखीव पोरांना मैदानात कधी उतरवणार? बाकावरच्या करीला पाळी कधी मिळणार?

अशा स्पर्धा बंदही पडतात. अलास्कात १९७८ पासून एक स्पर्धा भरे. मुख्य भूमीबाहेर खेळलेले सामने वर्षाच्या मोजणीत धरत नसत, म्हणून बडे संघ बर्फ तुडवीत तिथे जात. पुढे नियम सैल झाले, मुख्य भूमीवर आणि ऊबदार बेटांवर स्पर्धा निघाल्या, बडे संघ येईनासे झाले. २०१७ नंतर पुरुषांची ती स्पर्धा थांबली. माउईचे तसेच होईल असे मी म्हणत नाही. तिथे अजून २,४०० खुर्च्या आहेत. २०२५ साली सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ ती जिंकून गेले. चॅमिनाड मात्र २०१८ पासून दर वर्षी खेळत नाही. एक वर्षाआड त्याची पाळी येते.

आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत हे निकाल येत नाहीत, मोबाइलवर मात्र सापडतात. येत्या नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, शाळेत त्या दोन खांबांखाली खेळणारी पोरे असतील तर त्यांच्याबरोबर बसून ते पाहा. विजेत्याचे नाव वाचण्याआधी कोणकोणत्या कॉलेजांना खेळायला बोलावले होते ती नावे वाचा.