नटश्रेष्ठ ताल्मा

व्होल्टेअरच्या 'ब्रूटस' नाटकाचा पॅरिसमध्यें प्रयोग चालू होता. फ्रेंच राज्यक्रांतीचे ते आरंभींचे दिवस. प्रोक्युलस या अगदीं दुय्यम पात्राची भूमिका करणारा एक तरुण नट रंगमंचावर आला, आणि प्रेक्षकांच्या आधीं त्याचे सहकारीच चपापले. रोमन वीर म्हणून उभे राहणारे नट त्या काळीं रेशमी विजारी घालीत व केसांच्या टोपांवर पूड फांशीत. या तरुणाचे मात्र हात उघडे, पाय उघडे, केस आंखूड, आणि अंगावर साधा टोगा! एका सहनटीनें तेथल्या तेथेंच दबल्या आवाजांत त्याला दोष दिला, असें सांगतात. रोमन लोक असेच वावरत, एवढेंच त्याचें म्हणणें होतें.

हा नट म्हणजे फ्रांस्वा-जोसेफ ताल्मा. त्याचा जन्म १७६३ सालीं पॅरिसमध्यें झाला. वडील दंतवैद्य असून त्यांनीं पुढें लंडनमध्यें धंदा चालविला. मुलानेंही तीच विद्या शिकून कांहीं काळ लोकांचे दांत काढले. पण लंडनमध्यें पाहिलेलीं इंग्रजी नाटकें मनांतून जाईनात. अखेर २१ नोव्हेंबर १७८७ रोजीं 'कोमेदी-फ्रांसेझ' या राजाश्रित नाट्यसंस्थेंत त्यानें पदार्पण केलें.

पोषाखाच्या कामीं त्याला चित्रकार दावीद याची मैत्री उपयोगी पडली. परंतु पोषाख बदलणें त्या मानानें सोपें. वाणी बदलणें कठीण. फ्रेंच शोकांतिकेंतील बारा अक्षरांची ओळ हेल काढून म्हणावयाची आणि यमकापाशीं थांबावयाचें, अशी जुनी रूढि होती. ताल्मा अर्थ संपेल तेथें थांबे. त्यामुळें राजाच्या तोंडचें भाषण हें पाठ केलेलें काव्य न वाटतां माणसाचें बोलणें वाटूं लागलें.

४ नोव्हेंबर १७८९ रोजीं शेनियेच्या 'शार्ल नववा' या नाटकांत त्यानें स्वतःच्याच प्रजेच्या कत्तलीला संमति देणाऱ्या राजाची भूमिका केली आणि एका रात्रींत त्याचें नांव सर्वतोमुखीं झालें. नाटक मात्र मंडळींत दुही माजवून गेलें. राजपक्षीय नट एकीकडे, क्रांतिपक्षीय दुसरीकडे. १७९१ सालीं ताल्मा आपल्या सोबत्यांसह बाहेर पडून रिशल्यू रस्त्यावरील नाट्यगृहांत गेला. दोन्ही पक्ष १७९९ सालीं पुन्हा एक झाले, ते त्याच वास्तूंत.

टाळ्या मिळाल्या, तरी प्रतिष्ठा मिळाली असें नव्हे. फ्रान्समधील धर्मपीठ नटांना धर्मबाह्य समजे. १७९० सालीं ताल्मा लग्नाला उभा राहिला, तेव्हां सें-सुल्पीसच्या धर्मोपदेशकानें तो नट म्हणून विवाह लावण्याचें नाकारलें. ताल्मानें सरळ राष्ट्रसभेकडे दाद मागितली. धंदा सोडतों असें खोटें लिहून देऊन वेळ मारून नेण्याची वहिवाट होती. ती त्याला मान्य नव्हती, आणि येथेंच हा माणूस त्याच्या नाट्यगुणांहूनही मोठा दिसतो.

पुढें नेपोलियन सम्राट झाला. ताल्माशीं त्याचा जुना स्नेह होता. १८०८ सालीं एर्फुर्ट येथें युरोपांतील राजेरजवाड्यांच्या मेळाव्यापुढें ताल्मा व त्याचे सहकारी मुद्दाम नेण्यांत आले. तेथें 'ईदिप' नाटकांत थोरांच्या मैत्रीविषयींचें वाक्य येतांच रशियाच्या झारनें उठून नेपोलियनचा हात हातीं घेतला. असा हा दरारा! तरीही आपल्या या मित्राला 'लेजिओं दॉनर' हा बहुमान देण्याचें सम्राटाला धैर्य झालें नाहीं. लोकापवादाची भीति वाटली, अशी कबुली त्यानें सेंट हेलेना बेटावर दिली. तोफांना न भ्यालेला पुरुष येथें कचरला.

१८२६ च्या ऑक्टोबरांत ताल्मा मरणोन्मुख असतां पॅरिसचे आर्चबिशप त्याच्या घरीं आले. पण त्यांची भेट घडली नाहीं. १९ तारखेस त्याचें देहावसान झालें. शव चर्चमध्यें न नेतां घरांतून थेट पेर-लाशेझच्या दफनभूमींत नेण्यांत आलें. बरोबर अफाट जनसमुदाय होता. कबरीपाशीं धर्मोपदेशक कोणी नव्हता. बोलले ते नाटककार आणि नट.