लेंकराचें नांव

(धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवी सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आजच्या मंगल प्रसंगीं चिखलोलीच्या या धर्मग्रामाच्या वाटचालीविषयीं आमच्या पूर्वींच्या वक्त्यांनीं पुष्कळ सांगितलें आहे. आम्हीं बोलण्यास घेतलेला विषय लहान दिसतो. पण ज्या घरांत पाळणा हालत असतो, त्या घरांत त्याहून मोठा विषय नसतो. तो विषय म्हणजे लेंकराचें नांव.

स्नानसंस्काराचा दिवस ठरविण्यासाठीं जे तरुण आईबाप आमच्याकडे येतात, त्यांचें अलीकडे बहुधा एकच मागणें असतें. नांव पवित्र शास्त्रांतलें, म्हणजे मूळ हिब्रू असावें. आणि तें इंग्रजींतही सहज चालावें. मागणें रास्त आहे. मूल इंग्रजी शाळेंत जाणार, पुढें अंबरनाथच्या कारखान्यांत, मुंबईच्या कचेरींत, कदाचित् परदेशींही जाणार. नांवापायीं त्याला जागोजागीं अडखळावें लागूं नये, असें कोणत्या आईस वाटणार नाहीं? परंतु या विचारांत एक गोष्ट राहून जाते. इंग्रजींत नांव कसें वाजेल हें सर्व विचारतात. घरांतली आजी त्या नांवानें हांक कशी मारील, हें फार थोडे विचारतात. आणि तान्ह्या लेंकराला पहिलीं पांच वर्षें हांक मारणारी तर आजीच असते.

हा पेंच आजचा नव्हे. दानिएलास बाबिलोनास नेलें, तेव्हां राजाच्या अधिकाऱ्यानें त्याचें नांव पालटून बेल्टशस्सर ठेविलें. दानिएल म्हणजे देव माझा न्यायाधीश. नवें नांव मात्र परक्या देवतेचें स्मरण करून देणारें होतें. दरबारांत तें चाललें, पण दानिएल आपलें खरें नांव विसरला नाहीं, आणि ग्रंथावर तेंच राहिलें. एस्तेर राणीचेंही हिब्रू नांव हदस्सा असें होतें. म्हणजे राज्यकर्त्यांच्या भाषेंत एक नांव आणि घरच्या भाषेंत एक, ही रीत फार जुनी आहे.

याचें आणखी जवळचें उदाहरण आपल्याच कोंकणांत आहे. अलिबागच्या बाजूचा बेने इस्रायल समाज आपणांपैकीं अनेकांस ठाऊक असेल. या लोहमार्गानें ठाण्यास गेल्यास तेथें त्यांचें १८७९ सालचें प्रार्थनामंदिर आहे. त्यांची परंपरा सांगते कीं, नवगांवच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलें आणि त्यांतून वांचलेले ते त्यांचे पूर्वज. ते तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारीं तो बंद ठेवीत; म्हणून लोक त्यांस शनिवार तेली म्हणत. पिढ्यामागून पिढ्या गेल्या, मराठी हीच त्यांची मातृभाषा झाली, आणि हिब्रू भाषेचें ज्ञान बहुतेक लोपलें. पण हिब्रू नांवें लोपलीं नाहींत. यहेज्केलाचा हसाजी झाला, शमुवेलाचा समाजी, मोशेचा मुसाजी, अब्राहामाचा अबाजी. आडनांव गांवावरून पडलें: दिव्याचे ते दिवेकर, किहीमचे ते किहीमकर, पेणचे ते पेणकर.

या समाजांतील समाजी हसाजी दिवेकर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींत अंमलदार होते. त्यांनीं १७९६ सालीं मुंबईंत आपल्या समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधिलें. तेच गृहस्थ इंग्रजी लेखांत सॅम्युएल इझिकेल दिवेकर या नांवानें आढळतात, आणि मुंबईंतील सॅम्युएल स्ट्रीट हें नांवही त्यांच्यावरूनच पडलें. पुढें एकोणिसाव्या शतकांत कोचीनच्या यहुद्यांशीं संबंध वाढला. पाद्री जॉन विल्सन यांनीं मराठींतून हिब्रू व्याकरण लिहिलें. मुलें शाळेंत हिब्रू शिकूं लागलीं, आणि जुनीं रूपें पुनः प्रचारांत आलीं. १९३७ सालीं याच समाजाचे डॉक्टर एलायजा मोझेस मुंबईचे महापौर झाले. त्यांच्या नांवाचा रस्ता वरळी-महालक्ष्मीकडे आजही आहे.

यांत आपणांस घेण्यासारखें काय आहे? हसाजी हें रूप कोणा साहेबाच्या कारकुनासाठीं बनविलेलें नव्हतें. तें आईच्या आणि शेजारणीच्या तोंडीं बनलें. म्हणूनच तें टिकलें. ज्या वेळीं इंग्रजीची गरज पडली, त्या वेळीं समाजीचा सॅम्युएल होण्यास कांहींच अडचण आली नाहीं. नांव घरांत रुजलें कीं तें बाहेर आपोआप चालतें. केवळ बाहेरच्यासाठीं आणलेलें नांव घरांत मात्र रुजेलच असें नाहीं.

आतां कित्येकांस असें वाटतें कीं, जॉन हें खरें रूप आणि योहान हें त्याचें गांवठी रूप. हा समज उलटा आहे. मूळ हिब्रू नांव योहानान, म्हणजे परमेश्वर कृपाळू आहे. तें ग्रीक आणि लॅटिन भाषांतून फिरत इंग्रजींत आलें, आणि आरंभींच्या य काराचा तेथें ज कार झाला. योसेफाचा जोसेफ, योएलाचा जोएल, याकोबाचा जेकब हे सर्व याच वाटेचे प्रवासी. त्याच याकोबाचें इंग्रजींत जेम्स झालें आणि पोर्तुगीज भाषेंत तियागो. योहानाचें पोर्तुगीज रूप जुआंव. एलिशेवेचें एलिझाबेथ आणि तिचेंच इजाबेल. आपल्या पूर्वजांच्या नोंदवह्या अशा रूपांनीं भरलेल्या आहेत. तेव्हां इंग्रजी हें अनेक घाटांपैकीं एक घाट आहे, उगम नव्हे. योसेफ म्हणणारी मराठी आजी हिब्रूच्या अधिक जवळ आहे. तिच्या उच्चाराची कोणीं लाज बाळगूं नये.

आतां निवड करितांना काय पाहावें, तें थोडक्यांत सांगतों. पहिलें, अर्थ. दानिएल, समुवेल, मीखाएल, रफाएल या नांवांच्या शेवटीं जें 'एल' आहे, तें देवाचें नांव आहे. रफाएल म्हणजे देव बरें करितो. मूल मोठें होऊन आपल्या नांवाचा अर्थ विचारील, तेव्हां आईबापांस उत्तर देतां आलें पाहिजे. दुसरें, घरची जीभ. उंबऱ्यावर उभें राहून तें नांव मोठ्यानें तीन वेळां हांकारून पाहावें, आणि आजीआजोबांकडूनही म्हणवून घ्यावें. इंग्रजींत मारा हें नांव गोड वाटतें. पण शास्त्रांत दुःखानें खचलेल्या नामीनें तें स्वतःसाठीं मागून घेतलें, कारण त्याचा अर्थ कडू. आणि आपल्या आळींत भरदुपारीं 'मारा, मारा' अशी हांक ऐकूं आली तर शेजारी काठ्या घेऊन धांवतील! उलट सारा हें पाहा. हिब्रूंत तिचा अर्थ राजकन्या. मराठींत सारा म्हणजे सगळा, शेताचाही सारा असतो. पण त्यानें कोणाचें कांहींच बिघडत नाहीं. रूथ, हन्ना, नाथान, दानिएल, योएल हीं नांवें तिन्ही भाषांत थोड्याशा फरकानें नांदतात. तिसरें, इंग्रजी. पहिल्या दोन कसोट्यांस जें उतरलें, तें येथें सहसा अडत नाहीं.

चौथी गोष्ट कागदाची. आमच्यापुढें विवाहाच्या वेळीं असे तरुण येतात कीं, मंदिराच्या नोंदवहींत योहान, जन्मदाखल्यांत जॉन आणि शाळेच्या दाखल्यांत जॉनी. मग शपथपत्रें आणि राजपत्रें यांत महिने जातात. जन्म-मृत्यु नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यांत २०२३ सालीं सुधारणा झाली आहे. तिच्यामुळें १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या बालकांना शाळाप्रवेश, पारपत्र इत्यादि कामीं जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. म्हणून देवनागरी आणि रोमन अक्षरांतील रूप आधीं घरींच कागदावर लिहून ठरवावें आणि तेंच सर्वत्र द्यावें. घाई करण्याचें कारण नाहीं. नांवाशिवाय झालेल्या नोंदींत नांव मागाहून घालण्याची सोय कायद्यांत आहे.

कोणी विचारतील, नांव हिब्रूच असलें पाहिजे काय? नाहीं. १९१७ च्या धर्मविधिसंहितेंत धर्मगुरूनें ख्रिस्ती नांव देववावें, आणि तें न जमल्यास पालकांनीं दिलेल्या नांवास एखाद्या संताचें नांव जोडावें असें होतें. १९८३ च्या संहितेंत नांव ख्रिस्ती भावनेस परकें नसावें, एवढेंच सांगितलें आहे, आणि ती काळजी आईबाप, धर्ममातापिता व धर्मगुरु या सर्वांवर सोंपविली आहे. म्हणून प्रकाश किंवा कृपा हीं नांवें घेऊन कोणी आले तर आम्ही आनंदानें तीं लिहून घेतों. कृपा हाच तर हन्नेचाही अर्थ आहे.

शेवटीं जखऱ्याच्या घराची आठवण करूं. तेथें बाळाच्या नांवावरून सोयरेधायरे जमले होते, आणि बापाचेंच नांव ठेवावें असा त्यांचा आग्रह होता. आई एलिशाबेथ एकटी म्हणाली कीं, याचें नांव योहान. बापानें पाटी मागविली, तेंच नांव लिहिलें, आणि त्याची बंद झालेली वाचा मोकळी झाली. सोयऱ्यांचें, शाळेचें, परदेशाचें सर्वांचें ऐकावें. पण पाटीवर लिहावयाचें तें आईबापांनीं एकमतानें आणि देवास स्मरून लिहावें.

आपल्या तारणाऱ्याचें नांवही हिब्रूच आहे, आणि त्याचा अर्थ परमेश्वर तारण करितो. तें ग्रीकांनीं, रोमनांनीं, पोर्तुगीजांनीं आपआपल्या जिभेनें घेतलें; आम्ही येशू म्हणतों, आणि आमची हांक त्यास पोंचते. या महोत्सवी वर्षांत आपल्या धर्मग्रामाच्या नोंदवहींत जीं नवीं नांवें लिहिलीं जातील, तीं घरीं प्रेमानें हांकारलीं जावोत, एवढीच आमची प्रार्थना. प्रभु आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.